प्रोलॅक्टिन वाढलंय? गोळी सुरू करण्याआधी घरातल्या गोळ्या तपासा

पाळी दोन-तीन महिने येत नाही. लग्नाला वर्षं झाली तरी मूल नाही. बाळ नसताना छातीतून दूध येतं. पुरुषाच्या बाबतीत, शरीरसंबंधाची इच्छाच कमी झालेली असते. अशी तक्रार घेऊन दवाखान्यात गेलं की रक्ताच्या तपासण्यांत हल्ली 'प्रोलॅक्टिन' लिहिलेलं असतंच. आकडा वाढलेला आला की बहुतेक वेळा एक नाव पुढे येतं, ते म्हणजे कॅबरगोलिन.

औषध गुणकारी आहे यात शंका नाही. डोक्यातली गाठ ऑपरेशनशिवाय, नुसत्या गोळीने लहान करणारी औषधं फार थोडी. त्यांतलं हे एक. पण वाढलेल्या प्रत्येक आकड्याला ही गोळी लागत नाही. कित्येकदा आकडा वाढण्याचं कारण पेशंटच्याच पिशवीत, ॲसिडिटीच्या पट्टीत सापडतं. म्हणून आधी कारण आणि मग गोळी, हा क्रम महत्त्वाचा.

प्रोलॅक्टिन म्हणजे काय?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी, म्हणजेच पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या पुढच्या भागात प्रोलॅक्टिन तयार होतं. बाळंतपणानंतर आईला दूध येतं ते या हार्मोनमुळे. १९३३ साली ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांवर काम करताना त्याला हे नाव दिलं. माणसातलं प्रोलॅक्टिन वेगळं ओळखून ते रक्तात मोजता येऊ लागलं, त्याला मात्र १९७० चं दशक उजाडलं.

बाकीच्या हार्मोन्सना वरून 'सोड' असा हुकूम यावा लागतो. प्रोलॅक्टिनचं उलटं आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस डोपामिन नावाचं रसायन सतत पाठवून त्याला दाबून ठेवतो. धरणाचा दरवाजा खाली असावा तसं हे. डोपामिन कमी पडलं, वाटेत अडलं किंवा एखाद्या औषधाने त्याचं काम बंद पाडलं, की दरवाजा वर जातो आणि प्रोलॅक्टिन वाढतं. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं. आकडा वाढवणारी बहुतेक औषधं डोपामिनला अडवतात आणि आकडा कमी करणारी औषधं डोपामिनसारखंच काम करतात.

प्रोलॅक्टिन जास्त झालं की बीजांडकोश आणि वृषण यांना चालना देणारे संदेश मंदावतात. त्यामुळे बाईची पाळी आणि बीज सुटणं बिघडतं. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, इच्छा आणि ताठरता कमी होते, शुक्रजंतूही कमी होऊ शकतात. हे वर्षानुवर्षं चाललं तर हाडं ठिसूळ होतात.

आकडा किती म्हणजे जास्त?

गरोदर नसलेल्या बाईत साधारण २५ आणि पुरुषात १५ ते २० एनजी/एमएलपर्यंतचा आकडा बहुतेक लॅब नॉर्मल धरतात. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, म्हणून रिपोर्टवर छापलेलीच मर्यादा बघावी. काही लॅब एमआययू/एल या एककात आकडा देतात. १ एनजी/एमएल म्हणजे साधारण २१ एमआययू/एल. एका गावच्या रिपोर्टवर २५ आणि दुसऱ्या गावच्या रिपोर्टवर ५३० दिसलं, तर प्रोलॅक्टिन वीसपट वाढलं असं नाही. आकडा तोच आहे, माप बदललंय.

रक्त देतानाची धावपळही आकडा फुगवते. घाबरणं, व्यायाम, नुकतीच झोपेतून आलेली जाग, शरीरसंबंध, छातीची तपासणी यांपैकी कशानेही प्रोलॅक्टिन थोडं वाढतं. उठल्यावर दोन-तीन तास गेल्यावर, दहा-पंधरा मिनिटं शांत बसून रक्त दिलेलं बरं. थोडासा वाढलेला एकच आकडा पाहून औषध सुरू करण्यापेक्षा तपासणी पुन्हा करून घेणं शहाणपणाचं.

लॅबचे आणखी दोन चकवे आहेत. काहींच्या रक्तात 'मॅक्रोप्रोलॅक्टिन' असतं. हे प्रोलॅक्टिनचे मोठे जुडगे. मशीन ते मोजतं, पण शरीरावर त्यांचा परिणाम जवळपास नसतो. आकडा जास्त आणि त्रास काहीच नाही, अशा वेळी डॉक्टर ही वेगळी तपासणी सांगतात. दुसरा चकवा याच्या उलट आहे. गाठ खूप मोठी असेल तर प्रोलॅक्टिन इतकं जास्त असतं की मशीनच गोंधळतं आणि आकडा कमी दाखवतं. एमआरआयमध्ये मोठी गाठ आणि रिपोर्टमध्ये बेताचा आकडा असेल, तर नमुना पातळ करून पुन्हा तपासावा लागतो.

ॲसिडिटीची गोळी आणि प्रोलॅक्टिन

जळजळ, गॅस, पोट फुगणं यांवर सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल आज कित्येक घरांत आहे. पँटोप्रॅझोल किंवा राबेप्रॅझोल हे त्यातलं ॲसिड कमी करणारं औषध. पण अनेक कॅप्सूलमध्ये त्याच्या जोडीला डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर बहुधा डोम्पेरिडोन असतं. हे जोडीदार डोपामिनला अडवतात. त्यामुळे पोट लवकर रिकामं होतं, उलटी थांबते आणि सोबत प्रोलॅक्टिनही वाढतं. उलटीवर देतात ते मेटोक्लोप्रामाइड याच कुळातलं.

होतं असं की पोटाची कॅप्सूल एका डॉक्टरकडून सुरू होते, मग मेडिकलमधून महिनोन्महिने परस्पर आणली जाते. पाळीची तक्रार दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते. 'कोणतं औषध चालू आहे का?' असं त्यांनी विचारलं की उत्तर येतं, 'काही नाही, गॅसची एक घेते तेवढीच.' ती 'तेवढीच' सांगायची राहिली की प्रोलॅक्टिनची गोळी लागते. मग एक गोळी दरवाजा उघडते आणि दुसरी तो बंद करत बसते.

मानसिक आजाराच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन बरंच वाढतं. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड आणि हॅलोपेरिडॉल ही त्यांतली प्रमुख. रिस्पेरिडोनवर आकडा २०० च्या वर गेलेलेही रुग्ण आढळतात. शिवाय रक्तदाबाचं व्हेरापामिल आणि अफूवर्गातली वेदनाशामकं यांनीही तो वाढू शकतो.

औषधाचा संशय असेल तर डॉक्टरांच्या संमतीने ते किमान तीन दिवस थांबवून किंवा बदलून प्रोलॅक्टिन पुन्हा तपासतात. आकडा खाली आला की निदान झालं. मानसिक आजाराची गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये, कारण आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. मानसोपचारतज्ज्ञ औषध बदलू शकतात किंवा जोडीला ॲरिपिप्राझोल देऊ शकतात. त्याने अनेकांचं प्रोलॅक्टिन उतरतं.

आणखी कारणं

वयात आलेल्या बाईचं प्रोलॅक्टिन वाढलं की पहिली तपासणी गरोदरपणाची. गरोदरपणात ते दसपटीने वाढतं आणि तसं वाढणंच योग्य असतं. दुसरी तपासणी थायरॉइडची. थायरॉइड कमी असेल तर प्रोलॅक्टिन वाढतं, आणि थायरॉइडची गोळी नीट चालू झाली की ते आपोआप उतरतं. किडनी निकामी होत आली असेल तरी आकडा चढतो. ही सगळी कारणं बाजूला केल्यावरच पिट्युटरीच्या एमआरआयची वेळ येते.

गाठ निघाली तर?

'डोक्यात ट्यूमर' हे शब्द ऐकले की घर हादरतं. पण प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ, म्हणजे प्रोलॅक्टिनोमा, बहुतेक वेळा कॅन्सर नसते. १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठीला मायक्रो म्हणतात आणि त्याहून मोठीला मॅक्रो. लहान गाठी बायकांत जास्त सापडतात, आणि त्यांतल्या बहुतेक पुढे फारशा वाढतही नाहीत.

पुरुषांत गाठ अनेकदा उशिरा आणि मोठी झाल्यावर सापडते. पाळी चुकण्यासारखी ठळक खूण त्यांच्याकडे नसते आणि शरीरसंबंधाची तक्रार सांगायला लाज वाटते. मूल होत नसेल तर पहिली फाईल बायकोची निघते आणि नवऱ्याची तपासणी वर्षानुवर्षं लांबते. तोवर डोकेदुखी सुरू होते. नजरेच्या नसेवर दाब पडला की समोरचं दिसतं पण दोन्ही बाजूंचं कडेचं दिसेनासं होतं.

आकडा २०० ते २५० च्या वर असेल तर मोठ्या प्रोलॅक्टिनोमाची शक्यता बळावते. गाठ मोठी पण प्रोलॅक्टिन १०० च्या आतच असेल, तर ती वेगळ्या प्रकारची असू शकते. तिने डोपामिनची वाट दाबल्यामुळे आकडा वाढलेला असतो. अशा गाठीवर गोळी आकडा उतरवते, पण गाठ बहुधा तशीच राहते. म्हणून हा फरक तज्ज्ञांनीच ठरवायचा.

औषधं कोणती?

मुख्य औषधं दोन, ब्रोमोक्रिप्टिन आणि कॅबरगोलिन. युरोपातल्या काही देशांत क्विनॅगोलाइड हे तिसरंही वापरतात. तिन्ही डोपामिनची नक्कल करून प्रोलॅक्टिनचा दरवाजा खाली आणतात.

पहिल्या दोघांचं मूळ अरगट बुरशीच्या रसायनांत आहे. बाजरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला अरगट नवा नाही. कणसातून चिकट गोड द्रव गळतो आणि दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. म्हणूनच पेरणीआधी बियाणं २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे दाणे काढून टाकायला सांगतात. अरगट मिसळलेली बाजरी खाल्ली तर मळमळ, उलट्या आणि चक्कर येते. राय नावाच्या धान्यावर वाढणारी अरगट बुरशी हिची बहीण. या बुरशीच्या रसायनांवर काम करताना स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या सँडोझ कंपनीत १९६० च्या दशकात ब्रोमोक्रिप्टिन तयार झालं. कॅबरगोलिन त्यानंतर आलं. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

दोन्हींची तुलना करणारा मोठा अभ्यास १९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. त्यात ४५९ स्त्रिया होत्या. कॅबरगोलिन घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांचं प्रोलॅक्टिन नॉर्मल झालं, तर ब्रोमोक्रिप्टिन घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांचं. त्रासामुळे औषध सोडावं लागलं ते अनुक्रमे ३ आणि १२ टक्क्यांना. त्यामुळे आज पहिली पसंती कॅबरगोलिनला असते. ब्रोमोक्रिप्टिनचा गरोदरपणातला अनुभव जास्त जुना असल्याने त्याची जागाही टिकून आहे.

इंटरनेटवर शोधलं की हीच औषधं पार्किन्सनसाठी, आणि ब्रोमोक्रिप्टिन तर मधुमेहासाठीही दिसतं. डॉक्टरांनी चुकीची गोळी दिली असा त्याचा अर्थ होत नाही. डोपामिनचं काम शरीरात अनेक ठिकाणी चालतं.

गोळी कशी घ्यायची?

सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते इथे. कॅबरगोलिन रोज घ्यायचं औषध नाही. ते शरीरात बराच काळ टिकतं. निम्मं उतरायलाच अडीच दिवसांहून जास्त लागतात. म्हणून ते आठवड्यातून एकदा किंवा दोनदा घेतात. सुरुवात साधारण ०.२५ मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा किंवा ०.५ मिलिग्रॅम एकदा अशी होते. पुढे आकडा बघून डॉक्टर डोस वाढवतात. बहुतेकांना आठवड्याला ०.५ ते २ मिलिग्रॅम पुरतं. घरात बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, त्यामुळे हीसुद्धा चुकून रोज घेतली जाऊ शकते. ठरलेला वार पक्का करावा. गावच्या बाजाराचा दिवस धरला तरी चालेल. तो वार पट्टीवर पेनाने लिहावा आणि कॅलेंडरवर खूण करावी.

ब्रोमोक्रिप्टिन मात्र रोज घ्यावं लागतं. रात्री अर्धी गोळी, म्हणजे १.२५ मिलिग्रॅम, यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात.

दोन्ही गोळ्या जेवणासोबत किंवा जेवणानंतर, झोपण्यापूर्वी घेतल्या की मळमळ आणि चक्कर कमी जाणवते. डोस विसरला तर डॉक्टरांना विचारावं, पण दुप्पट गोळी घेऊ नये.

प्रोलॅक्टिन काही दिवसांत उतरू लागतं. पाळी रुळावर यायला काही महिने लागू शकतात. मोठ्या गाठीमुळे नजर गेली असेल तर अनेकांना काही दिवसांत ते काही आठवड्यांत फरक पडतो. गाठ आक्रसायला मात्र महिने लागतात. गोळीला दाद न देणाऱ्या किंवा गोळी अजिबात न सोसणाऱ्या रुग्णांसाठी नाकावाटे करायचं ऑपरेशन हा पर्याय असतो.

त्रास आणि सावधगिरी

मळमळ, डोकं दुखणं, बद्धकोष्ठता, नाक चोंदणं, उठताना अंधारी येणं हे नेहमीचे त्रास. ते बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांत असतात आणि मग कमी होतात. अंथरुणातून एकदम उठू नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगावं.

मळमळतंय म्हणून मेडिकलमधून डोम्पेरिडोन आणून घेतलं, तर ते कॅबरगोलिनचंच काम मोडतं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकमुळे दोन्ही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. घशाच्या साध्या इन्फेक्शनसाठी गेलात तरी ही गोळी चालू असल्याचं सांगा.

हृदयाच्या झडपांबद्दल भीती आहे ती २००७ पासून. पार्किन्सनच्या रुग्णांत कॅबरगोलिनने झडपा जाड झाल्याचं तेव्हा दिसलं. पण ते रुग्ण रोज ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेत होते. प्रोलॅक्टिनसाठी आठवड्याला लागणारा डोस बहुधा त्यांच्या एका दिवसाच्या डोसपेक्षाही कमी असतो. या डोसला धोका फारच कमी आहे. तरी झडपेचा जुना आजार असेल तर तो आधीच सांगावा. दीर्घकाळ औषध चालणार असेल तर डॉक्टर इको करून घेतात.

एका त्रासाबद्दल घरातल्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. काही थोड्या लोकांत या औषधांनी मनावरचा ताबा सुटतो. जुगार, मोबाईलवरचे पैशाचे खेळ, बेसुमार खरेदी, कामवासना अचानक वाढणं असं काही दिसू शकतं. हे वागणं त्या माणसाचा दोष नसून औषधाचा परिणाम असू शकतो, आणि डोस कमी केला किंवा औषध बंद केलं की ते सहसा जातं. पूर्वी गंभीर मानसिक आजार होऊन गेला असेल तर गोळी जपूनच दिली जाते.

गरोदरपण आणि बाळंतपण

गोळी सुरू झाली की पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं आणि दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर पाळीची वाट न बघता पहिल्या दिवसापासून काळजी घ्यावी. मूल हवं असेल तर पाळी लांबताच तपासणी करून डॉक्टरांना कळवावं. गाठ लहान असेल तर दिवस राहिल्यावर बहुतेकदा गोळी थांबवतात, कारण गरोदरपणात लहान गाठ त्रास देण्याइतकी वाढण्याचं प्रमाण अगदी कमी आहे. मोठ्या गाठीत ते बरंच जास्त असल्याने नियोजन आधीच करावं लागतं. अशा काळात डोकं दुखू लागलं किंवा नजर बदलली तर थांबायचं नाही.

अंगावर पाजल्याने गाठ वाढत नाही. मात्र गोळी चालू असेल तर दूध आटतं. बाळ दगावल्यावर किंवा इतर कारणाने दूध थांबवणं गरजेचं झालं, तर कॅबरगोलिनचा १ मिलिग्रॅमचा एकच डोस दिला जातो. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर रक्तदाब वाढलेल्या बाईला तो देत नाहीत.

गोळी कधी थांबते?

ही गोळी जन्मभराची असेलच असं नाही. किमान दोन वर्षं औषध झालं, प्रोलॅक्टिन नॉर्मल राहिलं आणि एमआरआयमध्ये गाठ दिसत नाही किंवा खूप आक्रसली, तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवून थांबवून बघतात. इटलीतल्या नेपल्सच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये अशा २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्या २ ते ५ वर्षांत प्रोलॅक्टिन पुन्हा वाढलं ते लहान गाठ असलेल्या साधारण ३१ टक्के आणि मोठी गाठ असलेल्या ३६ टक्के रुग्णांत. नंतरच्या काही अभ्यासांत हे प्रमाण याहून जास्त आलं. म्हणून गोळी थांबल्यावर पहिलं वर्षभर तरी रक्त तपासत राहावं लागतं. पाळी आली, आता बरं वाटतंय म्हणून मनानेच गोळी सोडणं हा वेगळा प्रकार, आणि मोठ्या गाठीत तो महागात पडतो.

गोळी न लागणारेही बरेच आहेत. मॅक्रोप्रोलॅक्टिन असलेले, औषधामुळे आकडा वाढला पण त्रास नसलेले, लहान गाठ असून पाळी नियमित आणि मूल नको असलेले, अशांना नुसती वेळोवेळी तपासणी पुरू शकते. पाळी गेलेली पण मूल नको असलेल्या काही बायकांना हाडं जपण्यासाठी डॉक्टर पाळीच्या हार्मोनच्या गोळ्याही देतात.

फाईल सोबत ठेवा

सीमाभागात उपचार एका गावात होत नाहीत. रक्त बेळगावात, एमआरआय कोल्हापुरात आणि नोकरी गोव्यात, असं असू शकतं. वडोदरा, इंदूर किंवा हैदराबादला राहून सुट्टीत गावच्या डॉक्टरांना दाखवणारेही आहेत. अशा वेळी एमआरआयची फिल्म किंवा सीडी, प्रोलॅक्टिनचा प्रत्येक आकडा त्याच्या मापासह, तारखा आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात. गॅसची कॅप्सूलही त्यात आली. ब्रँडची नावं बदलतात, म्हणून पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून ठेवावेत. शक्यतो तपासणी एकाच लॅबमध्ये करावी.

अचानक असह्य डोकेदुखी व उलट्या, नजर अंधुक होणं किंवा एकाचं दोन दिसणं, शुद्ध हरपणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावं. मोठ्या गाठीवर गोळी सुरू झाल्यानंतर नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव गळू लागला तर ती सर्दी समजू नये. गाठ आक्रसल्याने मेंदूभोवतीचं पाणी झिरपत असू शकतं, आणि त्यावर लगेच इलाज लागतो.